एकाच लोकसंख्येच्या दोन याद्या: अभ्यासातले कर्करुग्ण आणि रजिस्ट्रीतले कर्करुग्ण कसे जुळवतात

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या काळातला अहवाल २०२० मध्ये आला. त्यात पुरुषांमधल्या कर्करोगाचे वयसमायोजित (लोकसंख्येतल्या वयाच्या फरकाचा परिणाम काढून टाकलेले) प्रमाण ऐझॉल जिल्ह्यात दर लाखामागे २६९.४ होते. उस्मानाबाद आणि बीड या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित नोंदणीत ते ३९.५ होते. म्हणजे जवळजवळ सातपट फरक. मिझोराममध्ये तंबाखूचा वापर, आहार, संसर्ग या गोष्टी वेगळ्या आहेत, त्यामुळे फरक असणारच. पण सातपटीतला किती भाग खऱ्या आजाराचा आणि किती भाग नोंद न झालेल्या रुग्णांचा, हे त्या आकड्याकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही. त्यासाठी त्याच लोकसंख्येतल्या कर्करुग्णांची दुसरी, वेगळ्या वाटेने तयार झालेली यादी लागते आणि दोन्ही याद्या माणूस-माणूस करून एकमेकींशी लावून पाहाव्या लागतात.

हे काम ऐकायला सोपे वाटते, पण त्यात चुका फार होतात. त्यातल्या बऱ्याच चुका मोजणी सुरू होण्याआधीच झालेल्या असतात.

दोन याद्या येतात कुठून

पहिली यादी कॅन्सर रजिस्ट्रीची. ठरलेल्या भौगोलिक क्षेत्रात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला झालेल्या प्रत्येक नव्या कर्करोगाची नोंद करणे हे लोकसंख्याधारित रजिस्ट्रीचे काम. भारतातली अशी पहिली रजिस्ट्री मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. ग्रामीण भागातली पहिली रजिस्ट्री १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती.

आपल्याकडे रजिस्ट्रीकडे माहिती आपोआप चालत येत नाही. काही राज्यांनी कर्करोग कळवणे बंधनकारक केले आहे, पण देशभर तसा एक नियम नाही. म्हणून रजिस्ट्रीचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत जातात, केसपेपर काढतात, पॅथॉलॉजी लॅबची रजिस्टरे चाळतात, रेडिओथेरपी विभागातली यादी बघतात, महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदीतून कर्करोगाचे मृत्यू शोधतात. बार्शीत आणखी एक अडचण होती. रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसेल, तर केसपेपर कुठून मिळणार? म्हणून तिथले कर्मचारी गावोगाव फिरत, लोकांना लक्षणे समजावून सांगत, संशयित माणसाला तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात येण्यास उद्युक्त करत. नोंदणीची ही पद्धत पुढे बार्शीच्याच नावाने ओळखली गेली.

दुसरी यादी लोकसंख्येवरच्या अभ्यासाची. यात आधी निरोगी माणसांची नावनिशीवार यादी होते, आणि मग त्यांतल्या कोणाला काय होते हे वर्षानुवर्षे पाहिले जाते. मुंबई कोहॉर्ट स्टडी हे त्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण. १९९१ पासून मतदारयाद्या हातात घेऊन, घरोघरी जाऊन, मुंबई शहरातल्या ३५ वर्षे आणि त्यापुढच्या १,४८,१७३ लोकांची तंबाखूच्या सवयींसह माहिती नोंदवली गेली. काही वर्षांनी पथके पुन्हा त्याच घरी गेली. कोण जिवंत आहे, कोण वारले, कोण घर सोडून गेले हे लिहून घेतले, आणि कर्करुग्ण शोधण्यासाठी ही नावे मुंबईच्या रजिस्ट्रीशी जुळवली गेली.

अभ्यासात कर्करोगाची माहिती मिळण्याच्या वाटा वेगळ्या असतात: स्वतः माणसाने किंवा घरच्यांनी सांगितलेले, अभ्यासाच्या डॉक्टरांनी तपासलेले, घरात ठेवलेल्या फाइलमधले रिपोर्ट, मृत्यूनंतर नातेवाइकांना विचारून काढलेले कारण. यातली सगळ्यात कमकुवत वाट पहिली. आपल्याकडे बऱ्याच घरांत रुग्णालाच निदान सांगत नाहीत. विचारले तर तो माणूस ‘गाठ होती, काढली’ म्हणतो आणि ते खरेही असते. बाई म्हणते, ‘पिशवी काढली’. ती गाठीसाठी काढली, अंगावरून जात होते म्हणून काढली की कर्करोगासाठी, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही.

उलट दिशेनेही चूक होते. शेजारणीला ‘पिशवीचा कॅन्सर’ होता असे अभ्यासाच्या फॉर्मवर आले, तर तो गर्भाशयमुखाचा की गर्भाशयाच्या मुख्य भागाचा? आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत पहिल्याला सी ५३, दुसऱ्याला सी ५४, आणि ‘गर्भाशय, भाग माहीत नाही’ याला सी ५५ असा संकेत आहे. रजिस्ट्रीत पॅथॉलॉजी रिपोर्ट पाहून सी ५३ लिहिलेले असते, अभ्यासात सी ५५. माणूस एक, आजार एक, आणि संगणकाच्या लेखी दोन रुग्ण.

जुळणीच्या आधी व्याख्या जुळवा

नावे जुळवायला बसण्यापूर्वी चार गोष्टी दोन्ही याद्यांत सारख्या कराव्या लागतात. ही पायरी वगळली की पुढचे सगळे आकडे वाया जातात.

पहिली गोष्ट: नक्की कशाला कर्करोग म्हणायचे. पेशीप्रकाराच्या संकेताच्या शेवटी तिरप्या रेघेनंतर एक अंक असतो. शून्य म्हणजे साधी गाठ, १ म्हणजे अनिश्चित, २ म्हणजे जागच्या जागी असलेला, पसरायला सुरुवात न झालेला बदल, ३ म्हणजे पसरणारा प्राथमिक कर्करोग, आणि ६ म्हणजे दुसरीकडून आलेली गाठ. स्तनाच्या नेहमीच्या कर्करोगाचा संकेत ८५००/३ असा लिहितात. दर काढताना रजिस्ट्री साधारणपणे ३ अंकाचीच प्रकरणे धरते. तपासणी मोहिमेवर आधारलेल्या अभ्यासात मात्र २ अंकाची, म्हणजे पूर्वावस्थेची, प्रकरणे ढिगाने सापडतात, कारण ती शोधण्यासाठीच मोहीम असते. ती न काढता तुलना केली तर रजिस्ट्रीने रुग्ण गाळले असा चुकीचा आरोप होतो.

दुसरी गोष्ट: निदानाची तारीख. समजा २८ डिसेंबरला तुकडा काढला, रिपोर्ट ४ जानेवारीला आला, शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली. रुग्णाला आठवते ती शस्त्रक्रिया. युरोपातल्या रजिस्ट्रींच्या नियमाप्रमाणे पेशीतपासणीने पक्के झालेल्या निदानात तुकडा काढल्याची तारीख सर्वांत आधी धरतात, ती नसेल तर नमुना लॅबमध्ये पोहोचल्याची, तीही नसेल तर रिपोर्टची. अभ्यासात ‘कधी झाले’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून फेब्रुवारी लिहिलेले असते आणि प्रकरण पुढच्या वर्षात जाते. म्हणून जुळणी करताना तारखेला किमान काही महिन्यांची सूट द्यावी, आणि शेवटी दोन्हींकडे एकच नियम लावून तारीख नव्याने ठरवावी.

तिसरी गोष्ट: रहिवासी कोण. आपल्या रजिस्ट्रींमध्ये त्या क्षेत्रात किमान एक वर्ष राहणारा माणूस रहिवासी धरतात. मुंबईत याला विशेष महत्त्व आहे, कारण टाटा मेमोरियलमध्ये देशभरातून रुग्ण येतात आणि केसपेपरवर परळ-शिवडीच्या नातेवाइकाचा पत्ता देतात. पत्त्यावर विसंबून राहिले तर मुंबईचा आकडा फुगतो. बीडमध्ये गोष्ट उलटी होते. ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि हंगाम संपेपर्यंत तिकडेच असतात. त्या काळात कोल्हापूर-सांगलीकडे निदान झाले आणि तिथल्या केसपेपरवर कोपीचा (मुक्कामाच्या झोपडीचा) किंवा कारखान्याचा पत्ता पडला, तर बीडच्या नोंदणीला तो रुग्ण सापडणे अवघड. अभ्यासाचे पथक मात्र उन्हाळ्यात त्याच्या गावच्या घरी जाते आणि त्याला नोंदवते.

चौथी गोष्ट: एका माणसात किती कर्करोग मोजायचे. आंतरराष्ट्रीय नियमात दोन्ही स्तन मिळून एक अवयव धरतात. उजवीकडे २००५ मध्ये आणि डावीकडे २०१० मध्ये त्याच प्रकारचा कर्करोग झाला तरी मोजणी एकदाच, २००५ मध्ये. अमेरिकेतल्या रजिस्ट्रींचे नियम दोन्ही बाजू वेगळ्या मोजतात. अभ्यासाने कोणता नियम घेतला हे लिहिलेले नसेल तर विचारून घ्यावे. पुन्हा उद्भवलेला जुना आजार आणि दुसऱ्या अवयवात पसरलेला आजार हे कोणत्याच नियमाने नवे नाहीत. तरी अभ्यासात फुप्फुसातून यकृतात पसरलेली गाठ ‘यकृताचा कर्करोग’ म्हणून येते, कारण सोनोग्राफीत तीच दिसलेली असते.

याला जोडून आणखी एक मुद्दा आहे. अभ्यासात नाव घालण्याच्या आधीच कर्करोग झालेला माणूस नव्या रुग्णांत मोजायचा नाही. तो ओळखण्यासाठी रजिस्ट्रीची मागची पाच-दहा वर्षेही तपासावी लागतात. आणि शेवटच्या बाजूला, रजिस्ट्रीची नोंद ज्या वर्षापर्यंत पूर्ण झाली आहे तिथेच अभ्यासाचा पाठपुरावा कापावा. रजिस्ट्रीला एखादे वर्ष पुरते बंद करायला दोन-तीन वर्षे लागणे नेहमीचे आहे. अर्धवट भरलेल्या वर्षाशी तुलना केली की रजिस्ट्री उगाच अपुरी दिसते.

नाव एक, लिहिण्याच्या तऱ्हा दहा

डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक व्यक्तिक्रमांक आहे. तिथे अभ्यास आणि रजिस्ट्री यांची जुळणी म्हणजे तो क्रमांक दोन्हीकडे शोधणे. आपल्याकडच्या जुन्या केसपेपरांवर आणि नव्वदच्या दशकातल्या सर्वेक्षणांत असा क्रमांकच नाही. हाती असते ते नाव, वय, लिंग, पत्ता आणि फार तर फोन.

मराठी नावांत चार अडचणी पुन्हा पुन्हा येतात. मतदारयादीत आडनाव आधी, रुग्णालयात स्वतःचे नाव आधी. मधले नाव कधी वडिलांचे, कधी नवऱ्याचे. लग्नानंतर आडनाव बदलते, काही घरांत स्वतःचे नावही बदलते. आजारपणात बाई माहेरी आली आणि भावाने तिला दाखल केले तर केसपेपरवर माहेरचे नाव पडू शकते. आणि ‘बाई’, ‘ताई’, ‘राव’, ‘भाऊ’ हे कधी नावाला चिकटतात, कधी गळतात. शेवंता, शेवंताबाई आणि सेवंता ही एकच असू शकते.

त्यात रोमन लिपी आली की आणखी भर. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कोणी ‘डी’ने सुरू करतो, कोणी ‘जी’ने. वानखेडे ‘डब्ल्यू’नेही लिहितात आणि ‘व्ही’नेही. परदेशी सॉफ्टवेअरांत सर्रास असणारी साउंडेक्स ही पद्धत पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना अंक देते, त्यामुळे हे दोन ज्ञानेश्वर तिला कधीच एक वाटत नाहीत. याउलट पाटील आणि पटेल या दोघांना ती ‘पी-३४०’ हा एकच संकेत देते. म्हणजे जिथे जोडायला हवे तिथे तोडते आणि जिथे तोडायला हवे तिथे जोडते. इंग्रजी नावांसाठी बनलेली पद्धत आहे, तिचा दोष नाही. आपण मात्र मराठी उच्चारांवर आधारलेले नियम आधी लावावेत: व्ही-डब्ल्यू एक, ज्ञ-ग्य-द्न्य एक, श-ष-स एका गटात, ‘बाई-राव’ वेगळ्या रकान्यात, आणि जमेल तिथे मूळ देवनागरी नावावरूनच काम करावे.

वयाचेही तसेच. विचारले की लोक ४०, ४५, ५०, ६० असे सांगतात. अभ्यासात ५० आणि तीन वर्षांनी केसपेपरवर ५५ असेल तर ते विसंगत समजून टाकून देऊ नये.

भार कसा देतात

ही सगळी अनिश्चितता हाताळण्यासाठी १९६९ मध्ये फेलेगी आणि सन्टर या संख्याशास्त्रज्ञांनी मांडलेली पद्धत आजही वापरतात. तिचा गाभा दोन प्रश्नांत आहे. दोन नोंदी खरोखर एकाच माणसाच्या असतील, तर हा रकाना जुळण्याची शक्यता किती? आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या असतील, तर तो योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? पहिलीला दुसरीने भागायचे. १ हा आकडा किती वेळा दुप्पट केला की हे उत्तर येते, तो त्या रकान्याचा भार.

समजा एकाच माणसाच्या दोन नोंदींत आडनाव ९६ टक्के वेळा जुळते. त्या भागात ३ टक्के लोक पाटील असतील, तर दोन अनोळखी नोंदींत ‘पाटील’ जुळण्याची शक्यता सुमारे ०.०३. भागाकार ३२, म्हणजे भार ५. आता आडनाव असे घ्या की ते दहा हजारांत तिघांचेच आहे. भागाकार ३,२०० आणि भार साडेअकराच्या पुढे. विरळा आडनाव जुळणे हा कितीतरी मोठा पुरावा आहे, हे आपल्यालाही माहीत असते. इथे तेच आकड्यात येते. लिंग जुळले तर भार जेमतेम १, कारण ते निम्म्या वेळा योगायोगानेही जुळते. पण लिंग जुळले नाही तर मोठा ऋण भार. जन्मवर्ष तंतोतंत न पाहता दोन वर्षांच्या आत, पाच वर्षांच्या आत असे टप्पे करून भार द्यावा. सगळ्या रकान्यांची बेरीज वरच्या मर्यादेपेक्षा जास्त आली तर जुळले, खालच्या मर्यादेपेक्षा कमी आली तर नाही, आणि मधल्या पट्ट्यातल्या जोड्या माणसांनी डोळ्यांनी तपासायच्या.

हा मधला पट्टाच आपल्याकडे सगळ्यात मोठा असतो आणि वेळेचा मोठा भाग तिथेच जातो. दोन जणांनी एकमेकांचे उत्तर न पाहता निर्णय द्यावा, मतभेद असतील तिथे तिसऱ्याने मूळ केसपेपर पाहावा. तपासणाऱ्याला तो माणूस तंबाखू खातो की नाही, तपासणी गटातला आहे की नाही, हे कळता कामा नये. नाहीतर ‘हा तंबाखू खाणारा, मुखकर्करोगाचा हाच असणार’ असे मन नकळत ठरवते आणि निष्कर्ष आधीच वाकतो.

एक लाख नावे आणि पन्नास हजार रुग्ण असतील तर सगळ्या जोड्या पाचशे कोटी होतात. म्हणून आधी गट पाडतात, उदाहरणार्थ फक्त समान लिंग आणि आडनावाचा समान उच्चारगट असलेल्यांचीच तुलना. पण एकाच प्रकारे गट पाडला तर आडनाव बदललेल्या बायका कायमच्या निसटतात. म्हणून दुसरी फेरी स्वतःचे नाव आणि गाव यांवर, तिसरी पतीचे नाव आणि वयोगट यांवर घ्यावी. ही दुसरी-तिसरी फेरी खर्चासाठी वगळली की स्त्रियांमधले कर्करोग पुरुषांपेक्षा जास्त गळतात आणि पुढे कोणीतरी त्याचे जीवशास्त्रीय कारण शोधत बसतो.

एक हिशेब, दोनदा केलेला

पुढचे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. एका अभ्यासात १२० कर्करुग्ण सापडले. त्याच लोकांमध्ये रजिस्ट्रीत १५० आहेत. जुळलेले १००. म्हणजे २० फक्त अभ्यासात, ५० फक्त रजिस्ट्रीत.

दोन स्वतंत्र याद्यांवरून दोन्हींत नसलेल्यांचा अंदाज बांधण्याची पद्धत तळ्यातले मासे मोजण्याच्या पद्धतीसारखी आहे. काही मासे पकडून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळे टाकायचे आणि त्यात खूण केलेले किती येतात ते पाहायचे. सूत्र असे: १२० गुणिले १५० भागिले १००, म्हणजे एकूण १८०. दोन्ही याद्यांत मिळून १७० नावे आहेत, म्हणजे १० दोन्हींतून सुटले. रजिस्ट्रीची पूर्णता १५० भागिले १८०, म्हणजे ८३ टक्के.

इथेच थांबून अहवाल लिहिला तर तो चुकीचा ठरेल. आता फक्त अभ्यासात असलेल्या त्या २० नोंदींचे कागद काढून पाहू. ६ पूर्वावस्थेचे किंवा साध्या गाठीचे निघाले. ३ जणांना आजार अभ्यासात येण्यापूर्वीच होता. २ जण निदानाच्या वेळी क्षेत्राबाहेर राहत होते. ४ जण रजिस्ट्रीत होतेच, वेगळ्या आडनावाने. खरोखर रजिस्ट्रीकडून सुटलेले फक्त ५. म्हणजे अभ्यासातले वैध रुग्ण १०९, रजिस्ट्रीतले १५०, जुळलेले १०४. आता १०९ गुणिले १५० भागिले १०४ म्हणजे सुमारे १५७, आणि रजिस्ट्रीची पूर्णता ९५ टक्के.

तीच माणसे, तेच कागद. ८३ आणि ९५ यांतला फरक केवळ वीस फाइली उघडून बघण्याचा आहे.

उरलेल्या ४६ नोंदी, ज्या फक्त रजिस्ट्रीत आहेत, त्याही तेवढ्याच लक्षपूर्वक पाहायला हव्यात. त्यांत पथक पुन्हा येण्याआधी वारलेले, घर बदललेले, आजार लपवलेले असे लोक असतात. घर बदललेल्यांमध्ये एखादा गट जास्त असेल, उदाहरणार्थ चाळी पाडल्यामुळे उपनगरात गेलेले, तर अभ्यासाने त्या गटातला आजार कमी मोजला. आणि काही नोंदी चुकीच्या माणसाला चिकटलेल्या असू शकतात. अशा खोट्या जुळण्या शोधण्याचा एक साधा उपाय आहे: मृत्यूनंतर निदान, किंवा पुरुषाला गर्भाशयमुखाचा कर्करोग, अशा अशक्य जोड्या किती आल्या ते मोजायचे. अशा जोड्या दिसल्या तर न दिसणाऱ्या चुका त्यांच्या कित्येक पट असतात.

मोजणाऱ्यानेच मोजले तर काय होते

उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून झालेल्या गर्भाशयमुख तपासणीच्या चाचणीत हे फार स्पष्ट दिसते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, ५२ गावगट, चार भाग. एका भागात एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणी, दुसऱ्यात पेशीतपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या भागात नेहमीचीच आरोग्यसेवा. एचपीव्ही भागात ३४,१२६ स्त्रिया होत्या, नेहमीच्या सेवेच्या भागात ३१,४८८.

निष्कर्ष २००९ मध्ये आले. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही भागात १२७ जणींना, चौथ्या भागात ११८ जणींना. नुसती रुग्णसंख्या पाहिली तर तपासणीने काहीच साधले नाही असे वाटेल. पण दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यातले रुग्ण होते ३९ विरुद्ध ८२, आणि मृत्यू ३४ विरुद्ध ६४.

आता विचार करा, चौथ्या भागातल्या त्या ११८ जणी सापडल्या कशा? तिथे तपासणीचे शिबिर नव्हते. अभ्यासाच्या पथकाने फक्त स्वतः शोधलेले रुग्ण मोजले असते, तर या भागातले कितीतरी रुग्ण कागदावर आलेच नसते आणि तपासणी करणारे गाव जास्त आजारी दिसले असते. दोन्ही बाजूंना सारख्याच नजरेने पाहणारी रजिस्ट्री तिथे होती, म्हणून तुलना न्याय्य झाली. कुठलाही असा अभ्यास वाचताना नियंत्रण गटातले रुग्ण कोणी आणि कसे शोधले, हा परिच्छेद आधी वाचावा. तो नसेल तर बाकीचे तक्ते वाचण्यात अर्थ नाही.

दोन्ही याद्यांच्या बाहेर

मासे मोजण्याच्या सूत्राला एक अट आहे: दोन्ही जाळी एकमेकांपासून स्वतंत्र असावीत. आपल्याकडे ती क्वचितच पाळली जाते. अभ्यासाने रुग्ण त्याच रुग्णालयातून शोधला जिथून रजिस्ट्री नोंद घेते, तर जुळणारी नावे वाढतात, सूत्रातला भाजक मोठा होतो, एकूण अंदाज घसरतो आणि पूर्णता खोटीच ९८-९९ टक्के दिसते. जो कधी रुग्णालयात गेलाच नाही, तो दोन्हींत नाही आणि सूत्रातही नाही. तिसरा स्रोत, म्हणजे मृत्यूची नोंद, जोडल्याशिवाय हा दोष कळत नाही. पण तिथेही अडचण आहे: २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्क्यांचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते, आणि प्रमाणपत्रावर ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिणे अजून थांबलेले नाही.

म्हणून रजिस्ट्रीच्या अहवालात फक्त मृत्यूदाखल्यावरून कळलेल्या रुग्णांचे प्रमाण पाहताना दोन्ही टोकांचा संशय घ्यावा. ते फार जास्त असेल तर जिवंतपणी रुग्ण सापडत नाहीत. ते जवळजवळ शून्य असेल तर मृत्यूच्या नोंदी बहुधा पाहिल्याच जात नाहीत. पेशीतपासणीने पक्के झालेल्या निदानांचे प्रमाणही असेच वाचावे. शंभर टक्के हा आकडा पाहून आनंद होण्याऐवजी, बायोप्सी करणे शक्य नसलेले मेंदूचे, स्वादुपिंडाचे, यकृताचे रुग्ण गेले कुठे, हे विचारावे.

उस्मानाबाद-बीडच्या ३९.५ बद्दल असेच प्रश्न विचारायला हवेत. शहरापेक्षा तिथे सरासरी आयुष्यक्रम, आहार, सवयी वेगळ्या, त्यामुळे काही फरक खरा आहे. बार्शीच्या तीन तालुक्यांत घरोघरी जाऊन दीर्घकाळ नोंद घेतली तरी प्रमाण मुंबईपेक्षा कमीच राहिले आहे. पण दोन पूर्ण जिल्ह्यांत तीन तालुक्यांइतके बारीक फिरणे वेगळे काम आहे. ३९.५ हा पुरुषांचा आकडा, पण स्त्रियांच्या दरात आणखी एक गुंता आहे: बीडमध्ये तरुण वयात गर्भाशय काढलेल्या बायकांची संख्या मोठी आहे, त्यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याची शक्यता बहुतांशी संपलेली असते, तरी दर काढताना त्या छेदात मोजल्या जातात. तेवढ्यानेही स्त्रियांमधला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दर खाली येतो. हे वेगळे करायचे असेल तर काही गावे निवडून, हंगाम संपून ऊसतोड कामगार परतल्यावर, घरोघरी मागच्या तीन वर्षांतले आजार आणि मृत्यू विचारावेत, गर्भाशय काढले का हे वेगळे नोंदवावे, आणि ती यादी बीड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर, पुणे, मुंबई इथल्या रुग्णालयांच्या केसपेपरांशी वर सांगितलेल्या तिन्ही फेऱ्यांनी जुळवावी. न जुळलेले प्रत्येक नाव हातात घेऊन त्या घरी पुन्हा जावे.